सखुबाईची लाल आमटी

१

सखुबाईची आमटी लाल झाली, ही बातमी गिरगावात पोचली तेव्हा हेमचंद्रराव दुपारच्या झोपेच्या तयारीत होते. लोड पाठीशी होता, पान तोंडात होतं, आणि अशा वेळी त्यांना उठवायची हिंमत घरात कुणाची नसे. पण दारात सखुबाई स्वतःच उभी होती, आणि त्यांच्या घरी कामाला असताना तिने त्यांना लहानपणी अंघोळ घातली होती. तिच्यापुढे वकिली चालण्यासारखी नव्हती.

वकिली तशी कुठेच चालत नव्हती म्हणा. कुणाची नथ हरवली, कुणाच्या नावाने कुणी सही ठोकली, की अख्खं गिरगाव कोर्टात जायच्या आधी हेमचंद्ररावांकडे येई. हे गृहस्थ गुंता असा सोडवत, की मग कोर्टात जायची गरजच उरत नसे. वकिलानेच असं वागायचं तर घर कसं चालायचं, असं त्यांची पत्नी विचारी, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"हेमूबाळ, ही आमटी बघा," सखुबाई म्हणाली. चाळिशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या हेमूबाळांनी पितळी डब्यात डोकावून पाहिलं. आमटी गेरूसारखी लाल होती.

"मिरची जास्त पडली असेल."

"मिरची घातलीच नाय. नुसती हळद घातलेली. रोज अशी लाल होता. आणि डाळ शिजता ती अशी, की दाणो उरणा नाय."

सखुबाई लालबागेत खाणावळ चालवायची. नवरा गिरणीत होता तो वारला, आणि ती कोकणातून आलेल्या गिरणीवाल्यांना जेवू घालू लागली. खाणावळीच्या भिंतीला लागूनच चाळीची विहीर. सरकारी नळ पार रस्त्याच्या टोकाला, तोही मनात येईल तेव्हा येणारा, म्हणून सगळा स्वयंपाक विहिरीच्या पाण्यावर. आणि गणपती गेल्यापासून त्या विहिरीचं पाणी आपोआप ऊन झालं होतं.

लोकांनी लगेच ओळखलं, की हा देवीचा झरा. वज्रेश्वरीला ऊन पाणी आहे, तसंच आता लालबागेत आलं. विहिरीवर झेंडा लागला, एक भगत येऊन बसला, आणि देवीने त्याच्या तोंडून सांगितलं, की शेजारी मासळी शिजते ती आपल्याला खपत नाही. लाल आमटी हा देवीचा कोप. येत्या शनिवारी चाळीचे पंच बसणार होते, आणि सखुबाईची चूल तिथून उठवायची हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं.

"दुसरी जागा माका कोण देतलो?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला, की हेमचंद्ररावांनी पान चघळायचं थांबवलं. ताप भरला की याच बाईने त्यांच्या कपाळावर रात्ररात्र पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या.

काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी आमटीत बोट बुडवून चाटलं. मीठ बरोबर होतं, चिंच बरोबर होती. पण जिभेवर काहीतरी बुळबुळीत लागलं, तोंड धुताना चुकून साबण आत जावा तसं.

हेमचंद्ररावांची झोप उडाली.

२

भायखळ्यापर्यंत घोड्याची ट्राम आणि तिथून भाड्याची गाडी, असं करत हेमचंद्रराव दुसऱ्या दिवशी लालबागेत उतरले. चालायचा त्यांना मनस्वी कंटाळा. तरी विहिरीकडे जायच्या आधी त्यांनी शेजारच्या गिरणीला बाहेरून एक फेरी मारली, कारण ऊन पाणी म्हटलं की शहाण्या माणसाला आधी गिरणीच आठवणार. पण गिरणीचं वाफाळतं पाणी मोठ्या उघड्या गटारातून पश्चिमेला खाडीकडे चाललेलं सगळ्या जगाला दिसत होतं. विहीर पूर्वेला होती. गिरणी निर्दोष ठरली आणि हेमचंद्ररावांना उगाच चालल्याचा पश्चात्ताप झाला.

विहिरीवर झेंडूचा खच पडला होता. बायका तांदळाच्या पुरचुंड्या दोरीने पाण्यात सोडत होत्या. त्यांचा भात काही होत नव्हता, तांदूळ नुसते फुगत होते, पण प्रसादाला नावं कोण ठेवणार? हेमचंद्ररावांनी वाकून दीर्घ श्वास घेतला. आईबरोबर ते वज्रेश्वरीला गेले होते तेव्हा गंधकाच्या वासाने त्यांनी नाक धरलं होतं. इथे झेंडूशिवाय कसलाच वास नव्हता.

काठावर हरेश्वर भगत बसला होता. वरळी कोळीवाड्याचा आडमाप गडी, कपाळभर शेंदूर, आणि चेहऱ्यावर कुठेतरी चुकून आलेल्या पाहुण्यासारखा भाव.

"अंगात केव्हापासून येतं?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

"पानी तापल्यापासून. त्याच्या आधी मी बोंबील सुकवत होतो."

"बरं चाललंय ना इथे?"

हरेश्वरने सुस्कारा सोडला. "चालतं, पन रविवारी वांधा. गिरन्या बंद, मानसं मोकली, तेवाच गर्दी व्हयाला पायजे. आनि नेमकं रविवारी पानी गार. पयल्या रविवारी लोक मना हसले. आता मी सांगतो, की रविवारी देवी वरलीला बहिनीकडे जाते. तवापासून रविवारी इथं कुत्रं बी येत नाय."

हेमचंद्ररावांनी मोठ्या कष्टाने हसू आवरलं. "आणखी एक सांगा. कोळ्यांच्या देवीला मासळी चालत नाही, हे मला या वयात कळतंय."

भगताने मान खाली घातली. "मना बी नवीनच हाय, सायब. आमच्या देवीला तर मासलीचाच निवद."

"मग देवीला तुमच्या तोंडून हे बोलायला लावलं कुणी?"

हरेश्वर घाईने काठावरचा झेंडू आवरू लागला. त्याची नजर हेमचंद्ररावांच्या खांद्यावरून मागे गेली होती. मागून कुणीतरी मजेत म्हणालं, "देवीला बोलायला लावणारे आपण कोण, वकीलसाहेब?"

३

बोलणारा गणपतराव ओव्हरसियर. काळा कोट, तांबडी पगडी, आणि समोरच्याला बोलायला जागा न देणारी जीभ. नोकरी सोडून त्याने एक कंपनी काढायला घेतली होती, आणि पाच मिनिटांत त्याने ती हेमचंद्ररावांच्या गळ्यात जवळजवळ मारलीच.

"देवी म्हणा, निसर्ग म्हणा, मला दोन्ही चालतं. खाली जमीन तापलेली आहे, बरं का. एक खोल भोक पाडायचं, वाफ वर घ्यायची, आणि तिच्यावर गिरणी चालवायची. कोळसा नको, धुरांडं नको. मोठमोठे शेठ येऊन पाण्यात हात घालून गेलेत."

"पण भोक नेमकं कुठे पाडणार?"

गणपतरावाने सखुबाईच्या खाणावळीकडे बोट केलं. "ती जागा मोकळी झाली की लगेच. इथल्या जमिनीची वीट न् वीट मला ठाऊक आहे. या गिरणीच्या मोऱ्या मागच्या वर्षी मीच बांधल्या."

हेमचंद्ररावांना ही कल्पना खरोखर आवडली. पृथ्वीच्या पोटातली ऊब फुकट वाया जाते आणि माणसं कोळशाने काळी होतात, हे त्यांनाही पटत नसे. म्हणून त्यांनी मनापासून विचारलं, "आणि वाफ वापरून झाली, की उरलेलं पाणी कुठे सोडायचं?"

"जमिनीतून आलं, जमिनीत जाईल. त्यात काय?"

"आजूबाजूच्या विहिरी?"

"विहिरींना काय होतंय?" गणपतराव हसला. एवढा हुशार माणूस, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"माझा एक पैसेवाला मित्र आहे," हेमचंद्ररावांनी थाप मारली. "पण त्याला फक्त रविवारी सवड असते. परवा आणू का?"

"छे छे, रविवारी नको. रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते."

हेमचंद्रराव बरं म्हणाले आणि पान चघळू लागले.

तिथून ते चाळीच्या दुसऱ्या टोकाला दगडूच्या खाणावळीत गेले. सखुबाईची गिऱ्हाइकं तुटून इथेच आली होती. सखुबाईची चूल विझण्यात कुणाचा फायदा असेल तर याचा, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. दगडूने त्यांना पाटावर बसवलं आणि आमटी वाढली. ती तर सखुबाईच्या आमटीहूनही लाल होती. एका घासात हेमचंद्ररावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पाणी त्याच विहिरीचं का हो?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

दगडू इकडेतिकडे बघून जवळ सरकला. "कुणाला बोलू नका, साहेब. माझीबी लाल होती. मग मी वरनं पसाभर मिरची टाकतो. लाल दिसली तर तिखट हाय म्हणून खात्यात. देवी माझ्यावरबी कोपली असं कळलं तर माझा बाजार उठंल."

दगडूवरचा संशय तिथेच मिटला, पण हेमचंद्ररावांच्या पोटाने त्याला क्षमा केली नाही.

४

तोंडाची आग विझवायला ते सखुबाईकडे आले. तिने ताक दिलं. तुळशीच्या कुंडीशेजारी एक फुटका डेरा मातीने भरून ठेवलेला होता, आणि सखुबाई त्याच्याकडे रागाने बघत होती.

"काय लावलंस त्यात?"

"कोहळो. दसऱ्याक सकाळी विहिरीचा पाणी तांबूस झाला. लोक म्हणाले, देवीन कुंकू लावल्यान. माझ्या कळशीत तेव्हा बियो इल्यो. कोहळ्याच्यो. टाकूक जीव होईना, म्हणान लावल्यो. पण एक रुजली तर शपथ." तिने मातीत बोट घालून एक बी वर काढली आणि चिमटीत दाबली. ती भाजीतल्या बीसारखी मऊ दबली. "उकडलेली दिसता."

ताकाचा पेला हेमचंद्ररावांच्या ओठांशी तसाच राहिला. देवीला फुलं वाहतात, खण-नारळ वाहतात. कोहळा कोण वाहतं? आणि तोही उकडून?

"सखुबाई, दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय असतं?"

"खंडेनवमी. हत्यारांची पूजा. आमचे हे इंजिनासमोर कोहळो..." ती बोलता बोलता थांबली. दोघांनी एकदमच खिडकीतून पश्चिमेच्या बाजूने डोकावणाऱ्या गिरणीच्या धुरांड्याकडे पाहिलं.

मधल्या सुट्टीत हेमचंद्ररावांनी गिरणीच्या फाटकाशी कुशाबाला गाठलं. बॉयलर त्याच्या ताब्यात होता, आणि त्याबद्दल तो लेकीबद्दल बोलावं तसा कौतुकाने बोले.

"तिला सोडा लागतोच बगा," तो म्हणाला. "न्हाईतर आतनं चुना धरतो, कढईला धरतो तसा. सकाळ-संध्याकाळ तळाचं गढूळ पाणी सोडून द्यायचं, की पोट साफ."

"खंडेनवमीला कोहळा फोडलात?"

"मग? आत कुंकू भरून फोडला."

"नंतर टाकलात कुठे?"

कुशाबाला प्रश्नाचा राग आला. "देवाचा कोहळा केरात टाकीन व्हय? निर्माल्य ते. पाण्यातच सोडाय पायजे. उघड्या गटारावरनं लोक पाय टाकत्यात, म्हणून तळाचं पाणी पडतं त्या हौदात सोडला. सोवळ्यात."

"ते पाणी खाडीकडच्या गटारातच जातं ना?"

"आदी जायचं. गणपतीनंतर ओव्हरसियर साहेब आलं, म्हणालं, हौदाची वाट बदलली, आता जुन्या मोरीनं सोड. ती फरशीखालनं कुठं जाती, ते मला न्हाई ठावं."

हेमचंद्ररावांनी त्याला पान दिलं, आणि मग कानात काहीतरी सांगितलं. कुशाबाचे डोळे विस्फारले. त्यानंतर तो इतका हसला, की फाटकावरचा भय्या चौकशीला आला.

हेमचंद्ररावांनी तिथून थेट मसाल्याचं दुकान गाठलं आणि हळदीचं एक पोतं मागितलं.

५

शनिवारी संध्याकाळी, ऊन कलत असताना, चाळ विहिरीभोवती जमली. पंच बाकावर बसले. गणपतरावाने एका शेठला मुद्दाम बोलावून आणलं होतं. सखुबाई आपल्या दारात उभी होती. तिने चूल सारवून ठेवली होती, रिकामी करायची असली तरी ती स्वच्छ द्यावी म्हणून. ते बघून आपलं गणित चुकलं तर काय, हा विचार हेमचंद्ररावांना पहिल्यांदा आला.

"माझी एकच विनंती आहे," ते पंचांना म्हणाले. "निकाल उद्या दुपारी द्या. रविवार आहे, सगळे मोकळे असतील."

"उद्या कशाला?" गणपतराव चटकन म्हणाला. "मुळात रविवारची बैठक मीच शनिवारवर आणली, ती काय पुन्हा रविवारवर ढकलायला?"

"रविवार तुम्हाला सोसत नाही वाटतं?"

गणपतराव काही बोलणार इतक्यात गिरणीचा भोंगा झाला. हेमचंद्रराव विहिरीच्या काठावर हात टेकून खाली बघत राहिले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एका पंचाने जांभई दिली. हरेश्वर डोळे मिटून झुलायच्या तयारीला लागला.

विहिरीच्या आतल्या भिंतीतून वाफेचा लोट आला, आणि पाठोपाठ पाण्यावर एक लाल पट्टा पसरला. बघता बघता सगळी विहीर लाल झाली.

बायकांनी हात जोडले. शेठ दोन पावलं मागे सरकला. खुद्द हरेश्वर इतका घाबरला, की त्याच्या अंगातली देवी पहिल्यांदाच गप्प बसली.

"देवी कोपली," कुणीतरी पुटपुटलं, आणि सगळ्या माना सखुबाईकडे वळल्या.

६

"देवी कोपलेली नाही," हेमचंद्रराव म्हणाले. "ही माझी हळद आहे. पोतंभर. कुशाबांनी आत्ता गिरणीच्या हौदात टाकली आणि तळाच्या पाण्याची चावी सोडली."

"मेल्या, पोतंभर?" सखुबाईच्या तोंडून गेलं. वकिलाला चारचौघांत मेल्या म्हटल्याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

"हळद पिवळी असते," एक पंच म्हणाला.

"सोडा लागेपर्यंत. हळदीचा डाग साबणाने धुतला की काय होतं, ते घरी विचारा." बायकांत हसण्याची एक लहर गेली. "बॉयलरमध्ये सोडा टाकतात. ते पाणी या विहिरीत येतं. म्हणून पाणी ऊन, म्हणून आमटी लाल, म्हणून डाळीचं पीठ होतं. खंडेनवमीचा कोहळासुद्धा याच वाटेने आला, आणि त्याच्या बिया उकडल्या म्हणून रुजल्या नाहीत. खऱ्या झऱ्याला गंधकाचा वास असतो. आपल्या झऱ्याला फक्त रविवारची सुट्टी असते, कारण त्या दिवशी बॉयलर थंड असतो."

"मोरी फुटली असेल," गणपतराव म्हणाला. पगडी त्याने काढून हातात घेतली होती. "जुनं बांधकाम आहे. कुणाचा काय दोष?"

"मीही आधी तसंच समजलो. मग रविवारचा विचार केला. ज्यांना खरं ठाऊक नव्हतं ते रविवारी फसले. हरेश्वरचं हसं झालं, म्हणून त्याला देवी बहिणीकडे पाठवावी लागली. दगडूला तर त्याच पाण्याने घोर लावला. न फसलेला माणूस एकच. तुम्ही एकाही शेठला रविवारी आणलं नाही. मी विचारलं, तर म्हणालात गर्दी असते. रविवारी इथे कुत्रंही येत नाही. पाणी तेव्हा गार असणार, हे पहिल्यापासून ज्याने ते सोडलं त्यालाच माहीत. आणि हौदाची वाट कुणी बदलली, ते कुशाबा सांगतील."

कुशाबाने ते चारचौघांत सांगितलं. मग हरेश्वर उठला, कपाळाचा शेंदूर पुसून म्हणाला, "मासलीचं बी यांनीच शिकवलं. शेठलोकांना वास नको म्हनून. देवीची माफी मी मागीन. बाई, तुमची आत्ताच मागतो." आणि तो आडमाप गडी सखुबाईपुढे वाकला.

शेठ एव्हाना गाडीत बसला होता. गणपतराव मात्र पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. तो म्हणाला, की जमिनीत ऊब असतेच, आज ना उद्या कुणीतरी त्यावर गिरणी चालवेल. आपण फक्त लोकांचा विश्वास बसावा म्हणून थोडं आधी पाणी तापवलं. हेमचंद्ररावांना हसू आलं आणि रागही आला. पंचांनी निकाल दिला, की चूल जागची हलणार नाही, आणि गणपतरावाने स्वखर्चाने जुनी मोरी बुजवून पाणी पुन्हा गटाराला जोडायचं, चाळीच्या देखत.

मोरी बुजली. विहीर लवकरच गार पडली, झेंडा उतरला, हरेश्वर बोंबलांकडे परतला. सगळं पूर्ववत झालं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण आमटी लालच राहिली. जमिनीत गेलेलं जमिनीतच बसून होतं. विहीर उपसली तरी बाजूच्या मातीतून तेच पाणी पाझरत येई. आपल्या हातून काय झालं, ते गणपतरावाला तेव्हा कुठे कळलं. तो अधूनमधून यायचा, बोटाने पाणी चाखायचा आणि परत जायचा.

चाळीने मात्र कमाल केली. ज्यांनी सखुबाईची चूल उठवायला माना डोलावल्या होत्या, तेच गिरणीला जाताना रस्त्याच्या टोकाच्या नळावरून एकेक हंडा आणून तिच्या दारात ठेवू लागले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सखुबाई रोज नळाच्या पाण्यात डाळ शिजवी, आणि रोज एका लहान बोगणीत मूठभर डाळ विहिरीच्या पाण्यात घालून, हळद टाकून बघे. थंडी गेली, उन्हाळा गेला, पावसाळाही सरला.

पुढचा दसरा झाल्यावर तिचा निरोप आला, की जेवायला या. हेमचंद्रराव ट्रामने, गाडीने आणि उरलेलं अंतर चक्क पायी पोचले. पानात हरेश्वरने पाठवलेली तळलेली सरंग्याची तुकडी होती, पण सखुबाईने आधी चुलीजवळची ती लहान बोगणी त्यांच्यापुढे आणून ठेवली, आणि स्वतः दुसरीकडे बघत उभी राहिली.

हेमचंद्ररावांनी झाकण काढलं. आमटी पिवळी होती.

"वाढ," ते म्हणाले. आणि सरंग्याची तुकडी बाजूला सारून ते जेवायला बसले.